झोपेची राखण

आमच्या नात्यात एक मावशी अशी होती, की लग्नपत्रिकेवर तिचं नाव घालायची वेळ आली की ते काय बरं, असं दर वेळी एकमेकांना विचारावं लागायचं. सगळे तिला हळूमावशी म्हणायचे. कुणी खुर्ची ओढली की "हळू", दार लोटलं की "हळू". पाहुण्याने तोंड उघडलं, तर तो बोलणार आहे की जांभई देणार आहे याचीही वाट न पाहता "हळू". हा शब्द ती इतक्या हलक्या आवाजात म्हणायची, की तो ऐकू येण्याऐवजी दिसायचाच जास्त. भुवया वर जायच्या, ओठांचा चंबू व्हायचा आणि उजव्या हाताचा पंजा हवेत दाबला जायचा. समोर दूध उतू चाललं आहे आणि ती त्याला समजावून खाली बसवते आहे, असं वाटायचं.

याला कारण काका. मावशीचे यजमान पावाच्या बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर होते. गाव झोपायला लागलं की हे डबा घेऊन निघायचे, आणि गाव दात घासायला उठलं की घरी येऊन आडवे व्हायचे, ते थेट दिवे लागेपर्यंत. इतर बायका रात्री दिवा मालवतात. मावशीला रोज सकाळी उजेड मालवावा लागायचा.

काका म्हणजे आडमाप देह. बेकरीत पीठ मळायचं यंत्र रात्रभर खडखडत असतं. त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे काका घरात "चहा" म्हणाले, की समोरच्या इमारतीत कुणीतरी आधण ठेवायचं. बेकरीतले सोबती त्यांना भोंगा म्हणत. माणूस मात्र असा भिडस्त, की आपल्या आवाजाने मांजर दचकलं तरी "चुकलं हं" म्हणायचा.

त्या यंत्रात दोन लोखंडी हात फिरतात. पीठ कडेला चिकटलं की यंत्र बंद करायचं, मग आपला हात घालून ते सोडवायचं, अशी रीत. पण झोपेने पेंगणारा माणूस आधी हात घालतो आणि यंत्र बंद करायचं त्याला नंतर आठवतं. काकांच्या आधी त्या जागेवर असलेला माणूस मावशीच्या लग्नाला आला होता. त्याने डावा हात पुढे केला. उजवा खिशात होता. नव्या नवरीने लाजून खाली बघायचं सोडून त्याला तिथेच विचारलं, "काय झालं हाताला?"

"डुलकी लागली, वहिनी," तो म्हणाला. "एवढीशी."

मावशीने लग्नात काय खाल्लं, कुणी काय आहेर दिला, यातलं तिला पुढे काही आठवत नसे. ती एवढीशी डुलकी तेवढी लक्षात राहिली. नवऱ्याची झोप म्हणजे नवऱ्याची बोटं, हे गणित तिने त्या दिवशी मांडलं आणि आयुष्यभर तेच सोडवत बसली.

दुसऱ्या मजल्यावरचं ते घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक बिनखिडकीची अडगळीची खोली. त्या घरात भांड्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून अंथरलेल्या होत्या. चमच्यांना फडक्याच्या पिशव्या शिवल्या होत्या, एकेका चमच्याला एकेक, तलवारीला म्यान असावं तशी. कुकर तिने शिट्टीसकट बहिणीला देऊन टाकला आणि डाळ पातेल्यात तासभर शिजवायला लागली. दाराची घंटा काढून तिथे एक दोरी होती. पाहुण्याने बाहेरून दोरी ओढली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लाल चिंधी नाचायची, आणि मावशी अनवाणी जाऊन दार उघडायची. चिंधी नाचली तेव्हा मावशीची पाठ असली, तर पाहुणा बाहेर उभा. माझे वडील एकदा तसेच उभे राहून, सगळा पेपर वाचून, परत घरी आले होते.

माझी आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. तिला कुजबुजणं हा प्रकार जन्मात जमला नाही. ती त्या घरात गेली की दम कोंडल्यासारखी बसायची.

"अगं, नवरा झोपलाय की समाधी लागलीय त्याला?" आई तिच्या मते हळू विचारायची.

मावशीचा पंजा लगेच दूध खाली बसवायला लागायचा.

"मी काही बोललेच नाही अजून," आई म्हणायची.

"बोल ना. पण हातांनी बोल."

त्या घरात सगळं हातांनीच बोललं जाई. मीठ म्हणजे चिमूट, चहा म्हणजे अंगठा ओठांकडे, नातेवाईक येतायत म्हणजे कपाळाला हात. मावशीला एकच मुलगी. तिला लाडाने चिमणी म्हणत, पण त्या घरात चिमणीलासुद्धा चिवचिव करायची सोय नव्हती. मायलेकींचं भांडण बघायला मी मुद्दाम जात असे. दोघी लालबुंद, डोळे मोठे, हात चाकूसारखे फिरतायत, आणि आवाज म्हणाल तर पानं सळसळावीत एवढाच. चिमणी हसायची तीही बिनआवाजी. नुसते खांदे हलायचे. शाळेत बाईंनी तिला मोठ्याने धडा वाचायला सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलींनी तक्रार केली. पुढे ती औषधांच्या दुकानात काउंटरवर लागली आणि तिथे तिचं सोनं झालं. मूळव्याधीचं मलम ती अशा काही कुजबुजत्या स्वरात देई, की गावातले सगळे मूळव्याधवाले लांबून चालत तिच्याच दुकानात यायचे. त्या आजारात चालणं सोपं नसतं.

आणि या सगळ्या बंदोबस्तात, आतल्या खोलीत काका घोरत असत. त्या घरात आवाज करायची मुभा फक्त त्या घोरण्याला होती. खाली ट्रक चालू करावा तसं ते घोरणं. मावशी भाजी निवडता निवडता ते ऐकायची. सलग चाललंय म्हणजे झोप गाढ, अडखळलं म्हणजे स्वप्न, थांबलं म्हणजे कूस बदलली. "आज छान लागलीये," असं ती मला खुणेने सांगायची, आणि तिच्या चेहऱ्यावर मुलाचा पहिला नंबर आल्यासारखं काहीतरी यायचं.

अशी वर्षं गेली. काकांची दहाही बोटं जागेवर होती.

मग इमारतीच्या कडेने पूल येणार असं ठरलं. गावातली वाहनं खालच्या रस्त्यावर मावेनाशी झाली होती, म्हणून खांबांवरून नवा रस्ता नेणार होते. तो नेमका मावशीच्या खिडकीच्या उंचीवरून जाणार होता. इमारतीतली मंडळी खूश झाली. खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहत. त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला खिडकीतून हात केला की गाडी थांबेल."

आधी खांब ठोकायचं यंत्र आलं. ते दिवसभर जमिनीत लोखंड ठोकायचं. प्रत्येक ठोक्याला मावशीची ट्यूबांवर ठेवलेली भांडी आपोआप वाजायची. काका डोळे चोळत बाहेर येऊन म्हणायचे, "काही नाही, थोडे दिवस काढू. खांब काय जन्मभर ठोकतात?" बरोबरच होतं ते. खांब जन्मभर ठोकत नाहीत. जन्मभर त्यांच्यावरून गाड्या जातात.

पूल खुला झाला त्या दिवशी मावशीने खिडकी लावून घेतली. खिडकीपासून इतक्या जवळून ट्रक जायचे, की ड्रायव्हरने दाढी केली आहे की नाही ते दिसावं. आणि पुलाचा एक सांधा बरोबर खिडकीसमोर आला होता. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी पट्टी बसवतात, तो सांधा. मोटार गेली की तो "टक-टक" करायचा, ट्रक गेला की "धडाड-धड". रिकामा ट्रक सगळ्यात वाईट. त्याची मागची फळी उडायची आणि साखळ्याही वाजायच्या. शिवाय पुढे चौकाकडे उतार, त्यामुळे हॉर्न सगळ्यांनी तिथेच वाजवायचा.

त्या घरातलं दृश्य आता बघण्यासारखं झालं होतं. बाहेर चाळीस चाकांचा धडधडाट, आणि आत मावशी माझ्या हातातून बशी काढून घेऊन ती टेबलावर अलगद ठेवते आहे. चिमणीने शिंक दिली तर मावशी तिच्याकडे असं बघायची, जणू झोप तिच्या शिंकेनेच मोडणार होती.

"अगं मावशी," मी एकदा ओरडून म्हणालो, कारण ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं, "या पुलापुढे माझी बशी म्हणजे काय?"

"पूल माझ्या हातात नाही," मावशी म्हणाली. "बशी आहे."

तरी पुलाचंही तिने बघितलं. रस्त्यांच्या कचेरीत गेली. मी बरोबर होतो, कारण मावशीचं बोलणं टेबलापलीकडे पोचवायला कुणीतरी लागणारच होतं. तिथले साहेब वाईट नव्हते. नुसते थकलेले होते.

"पुलाचा सांधा आमच्या खिडकीसमोर आलाय," मावशी म्हणाली.

"काय?" साहेब.

"सांधा," मी म्हणालो.

"सांधा लागतोच, बाई. उन्हात पूल फुगतो, थंडीत आक्रसतो. सांधा नसला तर तडे जातील."

"असू दे ना सांधा. थोडा पुढे सरकवा म्हणते मी. लगेच पुढच्या इमारतीसमोर नको, तिथे तान्हं बाळ आहे. त्याच्याही पुढे, गोदामापाशी."

मी हे जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पूल म्हणजे पलंग नव्हे हो, ओढून सरकवायला. आणि दिवसा गाड्या जाणारच. रात्री झोपायचं ना."

"आमचे हे दिवसा झोपतात."

"मग त्यांना सांगा, सगळ्या जगासारखं रात्री झोपायला."

"सांगते," मावशी म्हणाली. "पण मग सगळ्या जगाने सकाळचा चहा नुसता प्यायचा. पाव करायला कुणी नाही."

साहेब हसले. आमच्यासाठी चहा मागवला. म्हणाले, पुढच्या टप्प्यात पुलाच्या कडेला आवाज अडवणारी भिंत घालायची आहे. तोवर खिडकीला दुहेरी काच बसवा, जाड पडदे लावा. तो पुढचा टप्पा अजून यायचाच आहे. मावशी जिना उतरताना मला म्हणाली, "चांगला माणूस आहे रे. त्याच्याही डोळ्यांखाली किती काळं झालंय."

दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना दुहेरी काच बसली. त्यांवर गाद्या उभ्या करून बांधल्या. आवाज थोडा कमी झाला आणि हवा पूर्ण बंद झाली. "रात्री त्या भट्टीत, दिवसा या भट्टीत," काका म्हणायचे. "मी पाव असतो तर आत्तापर्यंत करपलो असतो." विनोद करत होते, पण विनोद करताना त्यांच्या एका पापणीचं टोक उडायला लागलं होतं. जेवताना घास हातात धरून बसून राहत. चिमणीवर कधी न चिडलेला माणूस बुटाची नाडी सापडेना म्हणून तिच्यावर ओरडला, आणि मग तिच्यासमोर तसाच उभा राहून "चुकलं हं, चुकलं" म्हणत राहिला.

मावशीची खरी अडचण मात्र घोरण्याची झाली. बाहेरच्या गोंगाटात ते तिला ऐकूच येत नव्हतं. झोप लागली की नाही हे कळायला तिला आत डोकावावं लागे, आणि काका डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असत.

आणि एका पहाटे काका भट्टीच्या दाराला टेकूनच पेंगले. हात भाजला, कोपरापर्यंत. बोटं वाचली. बेकरीतल्या पोरांनी त्यांना घरी आणून सोडलं. मावशीने आधी दुसऱ्या हाताची बोटं पाहिली, मग भाजलेल्या हाताची. मग खाली बसली.

दोघं डॉक्टरकडे गेली तेव्हा पट्टी बांधलेल्या हाताचा मान म्हणून मी रिक्षा घेऊन गेलो. डॉक्टरांनी काकांचा रक्तदाब पाहिला आणि ओठ मुडपले.

"झोप?"

"लागते," काका म्हणाले. दवाखान्यातली सगळी रांग वळून बघायला लागली. "लागते, पण तुकड्यातुकड्यात."

"कानांना पापण्या नसतात, काका. तुम्ही झोपलात तरी कान जागेच असतात. ट्रक गेला की तुम्हाला कळतही नाही, पण आत शरीर दचकतं. छाती धडधडते, रक्तदाब वर जातो. दिवसभर तेच. असं रोज रोज दचकत राहिलं की हृदय थकतं." मग त्यांनी मावशीकडे पाहिलं. "तुम्ही या इकडे."

"माझं कशाला? मी काही भट्टीवर नाही."

त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला.

"यांच्यापेक्षा तुमचा जास्त आहे."

"यंत्र तापलं असेल. आत्ताच यांना लावलंत ना."

"रात्री झोपता का तुम्ही?"

"रात्री काय, घर रिकामंच असतं. हे कामावर."

"घराचं नाही विचारलं."

मावशीने मांडीवरच्या फडक्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "झोपते की," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, छातीवर दडपण आलं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला, तर वाट बघत बसायचं नाही. जो असेल त्याला हाक मारायची. मोठ्याने ओरडायचं.

"ही?" काका हसले. "ही ओरडेल?"

आम्ही चौघंही हसलो. मावशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, बिनआवाजी, खांदे हलवत.

गोळ्यांचं तिने काय केलं ते तिलाच ठाऊक. काकांच्या झोपेचं मात्र तिने लगेच मनावर घेतलं. अडगळीच्या खोलीतली अडगळ तिने चिमणीच्या मदतीने बाहेरच्या खोलीत आणली. माणसं बसायची तिथे ट्रंका बसल्या. आत काकांची खाट. दाराला आतून-बाहेरून जुन्या रजया खिळ्यांनी ठोकल्या. कापूस मेणात भिजवून काकांच्या कानांच्या मापाचे बोळे केले. काका आत शिरताना म्हणाले, "मला पुरताय की झोपवताय?" पण शिरले. आणि संध्याकाळी बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालावर उशीची सुरकुती उमटलेली होती.

मावशीला आता घोरणं कसं कळणार, हा प्रश्न होता. तो तिने सोडवला. रजईच्या कडेला दाराची उघडी फळी होती, तिच्यावर ती तळहात टेकवायची. घोरण्याने फळी थरथरायची. मी गेलो तेव्हा तिने माझाही हात धरून तिथे ठेवला.

"लागतंय?"

लागत होतं. पुलाच्या धडधडीच्या खाली एक बारीक, सलग थरथर.

"गाढ," ती म्हणाली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो, पण इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. मी काकांकडेच बघत होतो, म्हणजे त्या दाराकडे. सगळं घर कायम त्या दाराकडेच बघत आलं होतं. मावशीचे ओठ निळसर दिसत होते, हे मला नंतर आठवलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, खालच्या शिंपीणबाई ब्लाउजचं माप घ्यायला वर गेल्या. त्यांनी दोरी ओढली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग मावशीने दार उघडलं. चेहरा ओला, केस कपाळाला चिकटलेले, एक हात छातीशी.

"काय होतंय हो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. मग पोटाकडे हात करून, पित्त झालंय, असं खुणेने सांगितलं.

"मी यांना उठवते," शिंपीणबाई आत शिरायला लागल्या. मावशीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आत्ता डोळा लागलाय," ती कुजबुजली. "किती दिवसांनी. उठले की सांगते मी त्यांना. तुम्ही जा. माप उद्या घेऊ."

आणि शिंपीणबाई गेल्या. दुसऱ्या कुठल्याही घरात त्या गेल्या नसत्या. आरडाओरडा केला असता, इमारत गोळा केली असती. पण त्या दारात आवाज करायचा नाही, हे इतकी वर्षं सगळ्या इमारतीच्या अंगवळणी पडलं होतं. जिन्यात भांडणारी माणसंसुद्धा दुसऱ्या मजल्यावर आली की भांडण थांबवून पुढे जायची आणि तिसऱ्यावर पुन्हा सुरू करायची. शिंपीणबाई चपला हातात घेऊन जिना उतरल्या. आपण हे केलं, हे सांगताना त्या अजून दोन्ही हात पुढे करून दाखवतात, चपला धरल्यासारखे.

दिवे लागायच्या सुमाराला काका उठले. झोप छान झाली होती. कानातले बोळे काढून बाहेर आले, तर स्वयंपाकघरात मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. मान खांद्यावर कललेली, डोळे मिटलेले. शेगडीवर चहाचं पातेलं तयार, पाणी घातलेलं, पेटवायचं बाकी.

काकांना वाटलं, हिला झोप लागली.

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, म्हणून मी लिहितो आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला झोपलेलं असं नीट पाहिलंच नव्हतं. हे जायचे तेव्हा ती जागी, यायचे तेव्हा जागी, उठायचे तेव्हा जागी. म्हणून तिला झोपलेली पाहून त्यांना बरं वाटलं. एवढा आडमाप माणूस, चवड्यांवर चालत शेगडीपाशी गेला. काडी ओढायच्या आधी काडेपेटीवर फडकं धरलं, आवाज होऊ नये म्हणून. चहा केला. पातेलं ठेवताना ट्यूब चाचपून मग ठेवलं. तिचा कप बशीने झाकून तिच्याजवळ ठेवला आणि समोर बसून आपला चहा प्याले, फुर्र न करता, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. बाहेर एकेक ट्रक सांध्यावरून जात होता आणि प्रत्येक ट्रकाला काकांच्या मनात येत होतं, आता जागी होईल बिचारी. ती जागी झाली नाही. काकांना वाटलं, किती गाढ.

चिमणी दुकानातून आली तेव्हा काकांनी तिला दारातच खुणेने थांबवलं. "झोपू दे तिला," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुजबुजले होते.

चिमणी औषधांच्या दुकानात होती. तिने दारातूनच आईच्या हाताचा रंग पाहिला.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच सगळं संपलं होतं. त्या चहाच्या वेळी कुणी काही केलं असतं तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी काकांना दोनदा सांगितलं, मोठ्याने. काकांनी मान हलवली. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना वेगळंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

सगळे नातेवाईक परत गेल्यावर एके दिवशी त्यांनी चिमणीला म्हटलं, "मी आत झोपतो. बोळे घालतो, दार लावतो. तू स्वयंपाकघरात आई बसली होती तिथे बस, आणि मला हाक मार."

"बाबा, नको."

"मार म्हणतो ना."

मी तिथेच होतो. काका आत गेले. दार लागलं. चिमणी भिंतीला टेकून बसली. त्या मुलीने जन्मात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग आवाज आला. "बाबा." मग आणखी मोठा. मग असा, की तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि शिंपीणबाई खालून धावत वर आल्या, आणि त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरचे दोघंजण. सगळे दारात उभे राहिले. चिमणी ओरडतच होती.

थोड्या वेळाने आतून दार उघडलं. काकांनी एका कानातला बोळा काढला.

"मार ना हाक," ते म्हणाले. "मी केव्हाचा वाट बघतोय."

आमच्या सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांना समजलं. ते तसेच उभ्या उभ्या दाराच्या फळीवर हात टेकून राहिले.

बेकरीच्या मालकाने त्यांना भट्टीवरून काढून पाव बांधायच्या कामाला लावलं, दिवसपाळीला. हाताला कापरं सुटलं होतं, त्यामुळे भट्टी शक्यच नव्हती. आता काका रात्री घरी असतात, सगळ्या जगासारखे. मी मधून मधून जातो. परवा गेलो तर बाहेरच्या खोलीत ट्रंकांच्या मधोमध, खिडकीखाली, मावशीचं अंथरूण घातलेलं होतं. खिडकीवरची गादी काढून टाकलेली. चिमणी चहा करत होती. काकांचे डोळे लाल होते आणि पापणीचं ते टोक उडत होतं.

"रात्री जास्त असतं रे," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"गाड्या. दिवसा छोट्या असतात निदान. मोठे ट्रक सगळे रात्री सोडतात. पहाटेपर्यंत एकामागून एक. अंग असं उडतं." त्यांनी हातातला कप ठेवला. "मी दिवसाचाच त्रास धरून बसलो होतो. रात्री मी कधी इथे नव्हतोच ना. तिने एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं असं नाही, काका," मी म्हणालो.

"मी विचारलं नाही," ते म्हणाले.

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत आम्हाला तिघांनाही गप्प बसावं लागलं.

"रोज सांगते मी यांना," चिमणी म्हणाली. ती आता घरात मोठ्याने बोलते. घसा अजून सरावलेला नाही, आवाज मध्येच फाटतो. "इथे झोपत नाहीत, नुसते पडून असतात. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते ठाऊक आहे यांना. अडगळीच्या खोलीत खाट तशीच आहे. बाबा, आत झोपा ना."

काका खिडकीकडे बघत होते.

"आत झोप लागते," ते म्हणाले.